वर जायला जागा

लोक अजून विचारतात, "योगिनी मॅडम, त्या क्षितिजाचं पुढे काय झालं हो?" विचारतात कसले, खपली काढतात. स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन अगदी सहज विचारल्यासारखं करायचं आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. म्हणून एकदा सगळंच सांगून टाकते. मी तिचं काहीही वाईट केलेलं नाही. मी एक वाक्य बोलले होते, तेही भरवर्गात, सगळ्यांना. बाकीच्या सगळ्या मुलींना ते बरोब्बर कळलं. एकीला कळलं नाही, तर तो माझा दोष?

आमचं नर्सिंग कॉलेज भोपाळच्या साकेत नगरात आहे. ट्रस्टचं कॉलेज, आणि त्याला लागून ट्रस्टचंच हॉस्पिटल. अच्युतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पुण्याहून इथल्या कारखान्यात बदली झाली तेव्हापासून मी इथे शिकवते. शिकवून शिकवून घसा कोरडा पडला, पण पीएचडी नाही म्हणून प्रोफेसर नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी डॉक्टरेट करून माझ्या डोक्यावर येऊन बसल्या आणि मला 'दीदी, चाय पिएँगी?' विचारायला लागल्या. शेवटी मीही कंबर कसली. विषय घेतला, नर्सिंगच्या विद्यार्थिनींचं मानसिक स्वास्थ्य. ते आधी मोजायचं, मग आठवडाभर 'आनंद सप्ताह' करायचा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला की पीएचडी झाली.

मोजायचं कसं, तर एक कागद. त्यावर पाच वाक्यं. मी आनंदात होते, माझं मन शांत होतं, अंगात उत्साह होता, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं, दिवसभरात मन रमेल असं काही ना काही घडलं. गेल्या दोन आठवड्यांत असं कधीच वाटलं नसेल तर शून्य, सतत वाटलं असेल तर पाच. पाच पंचे पंचवीस, झालं. नाव लिहायचं नाही. आधीचा आणि नंतरचा कागद जुळवता यावा म्हणून नुसती खूण घालायची, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःची जन्मतारीख. तुम्ही कोण ते कुणालाही कळणार नाही, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

आता मेख कुठे होती, सांगते. आमच्या मुली भारी चलाख. सीनियर पोरींनी त्यांना आधीच पढवून ठेवलेलं असतं की असले कागद आले की वरचे आकडे भरायचे, नाहीतर काउन्सेलिंगला बसवतात आणि घरी फोन जातो. आता पहिल्याच वेळी सगळ्यांनी तेवीस-चोवीस भरले, तर माझा आनंद सप्ताह त्यांना आणखी कुठे चढवणार, आभाळात? म्हणून कागद वाटताना मी म्हटलं, "जरा हात राखून भरा गं. वर जायला जागा ठेवा." एवढंच. सगळ्याजणी हसल्या. समजल्या. आणि असं कोण करत नाही? करत नाही म्हणणाऱ्यांचे प्रबंध आणा माझ्यासमोर, मी दाखवते.

बाकीच्यांनी शहाण्यासारखे चौदा, पंधरा, सोळा भरले. तेराच्या खाली जायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, तेराच्या खाली गेलं की कॉलेज मागे लागतं. एका कागदावर मात्र पाचही ठिकाणी शून्य. गोल गोल, नीट काढलेली शून्यं. खूण बघितली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. 'सिं' आणि पुढे जन्मतारीख. अख्ख्या वर्गात सिंधू नावाची आई एकीचीच. क्षितिजाची.

ही क्षितिजा म्हणजे आमच्यातलीच, मराठी. आजोबा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इकडे आलेले, वडील मधुकरराव सरकारी ऑफिसात बाबू, घर जवाहर चौकाजवळ. नर्सिंगच्या मुलींना गावात घर असलं तरी हॉस्टेल सक्तीचं, म्हणून ही आमच्याकडे राहायची. तिची आई सिंधूताई दर सणाला माझ्यासाठी सांबारवड्यांचा, म्हणजे नागपूरकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा पाठवायची. पोरगी सतत हसरी. वॉर्डातल्या म्हाताऱ्या 'वो हँसने वाली सिस्टर को भेजो' म्हणून हटून बसायच्या, कारण कितीही सुकलेल्या हातात हिला शीर सापडायची, आणि सुई टोचताना ही त्यांच्याशी त्यांच्या सुनांच्या चहाड्या करायची.

आणि आज्ञाधारक! एकदा मी तिला म्हटलं, मी येईपर्यंत या आजीच्या पलंगापासून हलायचं नाहीस. मग मला मीटिंगचं बोलावणं आलं आणि मी विसरले. ड्यूटी सुटून मुली जेवून वगैरे आल्या, तरी ही तिथेच उभी. उपाशी. "अगं, बसायचं तरी!" म्हटलं, तर हसून म्हणते कशी, "मॅम, तुम्ही बस म्हणाला नव्हतात." आमच्या कामात असल्या मुली सोन्याच्या, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, आयसीयू. शेवटचं वर्ष होतं, आणि आयसीयूची ड्यूटी पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. घरी बापाने बजावून ठेवलं होतं की वर्ष वाया गेलं तर शिक्षण बंद, थेट मांडवात. स्थळही तयार होतं, जवाहर चौकातल्या भांड्यांच्या दुकानाचा मुलगा. मलाच सांगायची, "मॅम, मला नाही हो भांडी विकायची. मला आयसीयूत राहायचंय. तिथे कसं, मशीनचा आवाज बदलला की आपण धावायचं!" हे सांगतानासुद्धा हसत होती.

तर असली ही मुलगी, आणि पाच शून्यं. बोलावलं केबिनमध्ये.

"हे काय भरलंस?"

"का मॅम, चुकलं? तुम्हीच म्हणालात ना, वर जायला जागा ठेवा." चेहरा एकदम उजळला तिचा. "मी सगळ्यात जास्त ठेवली."

आता यावर हसावं की रडावं? कमी म्हणजे किती, एवढंसुद्धा कळू नये? मी तो कागद तिथल्या तिथे फाडून टाकला असता. पण तोवर गठ्ठा डायरेक्टर सरांच्या टेबलावर जाऊन आला होता. आदल्याच वर्षी दुसऱ्या एका कॉलेजात कुणा मुलीने जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं, पेपरात महिनाभर तेच चाललं होतं, आणि आमच्याकडे तर ग्रेड देणारी टीम यायची होती. सरांनी शून्य बघितलं आणि त्यांना घामच फुटला. "मैडम, ये लड़की कौन है? मुझे आज नाम चाहिए."

मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? 'सर, ती मुलगी ठणठणीत आहे, मीच कमी भरायला सांगितलं होतं'? म्हणजे माझा प्रबंध कचऱ्यात, माझी नोकरी टांगणीला, आणि बाकीच्या मुलींचे कागदही खोटे ठरणार. मी नाव सांगितलं. म्हटलं, डॉक्टरसमोर पाच मिनिटं बसेल, हसेल, सुटेल. तिला हसण्याशिवाय येतंच काय!

पण पोरीचं नशीबच फुटकं. ट्रस्टच्या हॉस्पिटलात मनोविकाराचे डॉक्टर समीर म्हणून होते, नुकतेच लागलेले, भारी उत्साही. त्यांच्यासमोर ही हसली. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, ही हसते आहे तेच लक्षण आहे, आतलं दुःख झाकण्यासाठी अशी माणसं हसतात. मग दुसऱ्या वेळी ही घाबरून रडली. तेव्हा म्हणाले, बघा, आता बाहेर पडतंय. तिसऱ्या वेळी बाईसाहेबांनी तोंड उघडलं, "सर, मॅमनीच सांगितलं होतं कमी भरायला." डॉक्टर भला माणूस, सरळ माझ्याकडे आला विचारायला. मी नुसती हसले. म्हटलं, "बेचारी!" त्यालाही पटलं. दोष दुसऱ्यावर ढकलणं हेही म्हणे त्यातच येतं.

आयसीयूची ड्यूटी बंद झाली. बरी आहे असा डॉक्टरचा शेरा येईपर्यंत बंद. वर हॉस्टेलमध्ये वॉर्डनबाईंचा कारभार सुरू झाला. सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई ती! तिने क्षितिजाच्या खोलीची आतली कडी काढून घेतली, कात्री, पिना, ओढण्या सगळं जप्त केलं, आणि वायरमन बोलावून छताचा पंखा उतरवला. भोपाळचा मे महिना, बाहेर डांबर पाघळतंय, आणि खोलीत पंखा नाही! खोलीतली दुसरी मुलगी तन्वी. तिने दोन दिवस शिव्या घालत काढले आणि मग गादी उचलून दुसरीकडे गेली. जाताना म्हणाली, "तेरे चक्कर में हम क्यों मरें?" बरोबर आहे की! तिची काय चूक?

मुली तिला 'ज़ीरो' म्हणायला लागल्या. आधी पाठीमागे, मग तोंडावर. मेसमध्ये ज़ीरो आली की पलीकडे सरकायचं, बाथरूममध्ये ज़ीरोला जास्त वेळ लागला की दार बडवायचं आणि 'ज़िंदा है क्या?' म्हणून खिदळायचं. सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं बरं का. कागद भरताना सगळ्या त्याच वर्गात बसल्या होत्या. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. त्या तन्वीला एकदा पुळका आला, माझ्या टेबलापाशी येऊन चुळबुळत म्हणाली, "मॅम, क्षितिजा का वो... आपने क्लास में बोला था ना..." मी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "तन्वी, तुम्हारी केस बुक चेक होनी बाकी है ना?" ती 'यस मॅम' म्हणाली आणि गेली. पुळका तिथेच ओसरला.

मग बाप आला. मधुकरराव. बुशशर्टच्या खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. डायरेक्टर सरांनी त्यांना हिंदीत बरंच काही ऐकवलं, मुलीच्या मनाची अवस्था, कॉलेजची जबाबदारी, वगैरे. क्षितिजा कोपऱ्यात उभी. त्या डॉक्टरी शब्दांतलं मधुकररावांना निम्मंच कळलं असावं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मला हात जोडले.

"मॅडम, तुम्ही आपल्या माणसांतल्या. हे लोक काहीबाही सांगून राहिले. तुम्ही खरं सांगा. पोरीला माझ्या काय झालंय?"

क्षितिजा मागेच होती. तिने माझ्याकडे बघितलं. कसं, तर वर्गात मी फळ्यावर उत्तर लिहायला वळले की मुली बघतात तसं. आता येईल उत्तर, या भरवशाने.

"काळजी घ्यायला हवी हो," मी म्हटलं. "आजकालच्या मुलींच्या मनात काय चालतं, आपल्याला कुठे कळतं?"

बापाचा चेहरा पडला. त्याने मुलीकडे वळून पहिल्यांदा तिला दटावलं, तेही हळू आवाजात, "काय कमी केलं होतं बे आम्ही तुला?" मग पिशवीतून डबा काढून मला दिला. सिंधूताईंनी सांबारवड्या पाठवल्या होत्या, मॅडम आपल्या पोरीकडे बघतात म्हणून. मी डबा ठेवून घेतला. परत करणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर एका रविवारी दुपारी ती माझ्या घरी आली. उन्हातून चालत. दार अच्युतने उघडलं. मी तिला पन्हं दिलं, मला काही माणुसकी नाही असं नाही. तिने ते एका दमात संपवलं.

"मॅम, तुम्ही फक्त एकदा सांगा सरांना. मी कध्धीच कुणाला सांगणार नाही की तुम्ही सांगितलं म्हणून."

"काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"मॅम, मला आता खरंच झोप येत नाही. कडी नाही ना दाराला, कुणीही मधेच उघडून बघतं. काल मी फोनवर आईशी बोलताना हसले, तर वॉर्डन मॅमनी डॉक्टरांना कळवलं."

"मग हसू नकोस."

"नाही हसले तर म्हणतात, गप्प झाली." तिला रडू फुटलं. "मी काय करू, तुम्हीच सांगा ना मॅम. तुम्ही सांगाल ते करते."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. तुम्ही सांगाल ते करते! अगं, त्याच्यामुळेच तर हे सगळं रामायण झालं! तरी मी शांत राहिले. तिला नीट समजावलं. म्हटलं, हे बघ, मी तोंड उघडलं तर आपण दोघी बुडणार. माझा प्रबंध जाईल आणि तू खोटं भरलंस म्हणून तुझ्यावर कारवाई होईल. त्यापेक्षा पोस्ट-टेस्टपर्यंत कळ काढ. त्या वेळी भरभरून भर. आकडा वर गेला की डॉक्टर शेरा देईल, तू आयसीयूत, मी मोकळी. मीटिंग झाली तर मी जे म्हणेन त्याला हो म्हणायचं, बाकी मी बघते.

"भरभरून म्हणजे किती, मॅम?"

या वेळी मी कुठलाही घोळ ठेवला नाही. "पूर्ण. पाचही ठिकाणी पाच. एकही कमी नको."

"हो मॅम." डोळे पुसले आणि ग्लास विसळून ठेवून गेली. तेवढ्यात हसलीसुद्धा, दाराशी चप्पल घालताना.

ती गेल्यावर अच्युत म्हणाला, "योगिनी, तिच्या जागी आपली मानसी असती तर?"

"मानसीला एवढी अक्कल आहे," मी म्हटलं. त्याला काय जातंय बोलायला! कारखान्यात नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाने मला माणसं मोजायला शिकवू नये.

आनंद सप्ताह झकास झाला होता, ते सांगायचंच राहिलं. फुगे, रांगोळ्या, हास्ययोग, एक बाहेरचा वक्ता, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. हास्ययोगात सगळ्याजणी हात वर करून हो हो, हा हा करत होत्या. क्षितिजाला वॉर्डनबाईंनी मागच्या रांगेत बसवून ठेवलं होतं, तिला झेपणार नाही म्हणून. फोटोत ती दिसत नाही.

सहा आठवड्यांनी पोस्ट-टेस्ट झाली. मुलींनी वीस, एकवीस, बावीस भरले, गुणी मुली. क्षितिजाच्या बाकापाशी मी मुद्दाम थांबले. डोळ्यांखाली काळं, केस तेलकट, गळ्याची हाडं वर आलेली. पेन हातात धरून बसली होती. पहिलं वाक्य, मी आनंदात होते. ते तिने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पाचवर खूण केली. मग भराभर पाच, पाच, पाच, पाच. पंचवीस. मला हुश्श झालं. म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

कसलं सुटतोय! मीटिंग बसली. डायरेक्टर सर, डॉक्टर समीर, मी, मधुकरराव, आणि क्षितिजा. डॉक्टरच्या एका हातात आधीचा कागद, दुसऱ्या हातात नंतरचा. तो एकदा याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. "शून्य से सीधे पच्चीस?" तो म्हणाला. "और नींद तो अब भी नहीं आ रही?" मग त्याने सरांना समजावून सांगितलं की ही सुधारणा नव्हे, हे फार गंभीर आहे, मन एकदम तळाला जातं आणि एकदम शेंड्याला, हा वेगळाच आजार आहे. बरं वाटलं असतं तर हळूहळू वर आली असती, बाकीच्या मुलींसारखी. अशा मुलीच्या हाती आयसीयूतला रोगी कसा द्यायचा?

मग तो माझ्याकडे वळला. "मैडम, पेपर भरते समय आपने इन्हें कुछ कहा था?"

मधुकरराव माझ्याकडे बघत होते. क्षितिजा बघत नव्हती, ती खाली बघत होती.

"बस यही, कि सच-सच भरना," मी म्हटलं.

डॉक्टरने तिला विचारलं, "सही है?"

तिने मान वर केली. मला वाटलं, आता ओरडते ही, आता सगळं बाहेर काढते. पण तिला मी सांगितलं होतं ना, मी म्हणेन त्याला हो म्हणायचं, बाकी मी बघते.

"जी सर," ती म्हणाली. "मॅम ने सच भरने को कहा था."

आणि माझ्याकडे बघत राहिली. बाकीचं मी बघेन म्हणून.

आता त्या खोलीत मी काय बघणार होते? मी कागद आवरले. गोळ्या सुरू झाल्या. या वर्षी आयसीयू नाही, म्हणजे परीक्षाही नाही. मधुकररावांनी तिची ट्रंक रिक्षात चढवली आणि डायरेक्टर सरांचे आभार मानले, वेळेवर कळलं म्हणून. ट्रंक उचलू लागायला तिच्या वर्गातली एकही मुलगी खाली आली नाही. पंखा त्याच संध्याकाळी परत लावला, वॉर्डनबाई असल्या कामात तत्पर.

माझी पीएचडी झाली. आकडे उत्तम आले. अच्युत म्हणाला, तिला निदान त्या आकड्यांतून तरी काढ. का काढू? तिच्या एकटीमुळे सरासरी चांगली वर सरकली होती. इंदूरच्या परिषदेत मी तक्ता दाखवला, त्यात बाकीच्या रेघा मधून थोड्या वर जाणाऱ्या, आणि एकच रेघ तळापासून थेट माथ्यापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी उठून विचारलं, ही मुलगी आता काय करते? मी म्हटलं, संसारात रमली आहे. खोटं नव्हतं ते. तोवर तिचं लग्न झालं होतं.

परवाच गेले होते जवाहर चौकात, कुकरची रिंग आणायला. ते दुकान तिचंच, हे मला माहीत होतं की नव्हतं, याची चौकशी कुणी करायची गरज नाही. बाजारात जायला मला कुणाची परवानगी लागत नाही. गल्ल्यावर नवरा होता आणि बाजूला स्टुलावर ती. अंगाने सुटलेली, गोळ्यांनी सुटतात तशी. गोळ्यांचं सासरी सांगितलेलं नाही म्हणतात, माहेरून येतात गुपचूप. मला बघितलं आणि ती ताडकन उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी. रिंग मागितली. तिने बॉक्स उघडला आणि योग्य मापाची रिंग शोधायला लागली. बोटं जड झालेली, एक उचलते, खाली ठेवते, दुसरी उचलते. म्हाताऱ्यांच्या सुकल्या हातात शीर शोधणारी बोटं. शेवटी नवऱ्याने हातातून बॉक्स ओढून घेतला आणि म्हणाला, "हट, तुझसे नहीं होगा."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "काय गं, कशी आहेस?"

सगळे विचारतात तसंच विचारलं. पण ती विचारात पडली. खरंच विचारात पडली, कपाळाला आठ्या घालून. मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा असता तर मला चालला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

"मॅम," तिने हळूच विचारलं, नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं, "किती सांगू?"

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! भर बाजारात, चार माणसांत! हे काय विचारणं झालं?

"चांगली आहे म्हण," मी म्हटलं.

"चांगली आहे, मॅम," ती म्हणाली, आणि मी आणखी काही सांगते का, म्हणून माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.